सोजरबाईंचं नाक

माझ्या सासूबाईंच्या नाकावर माशी बसायची नाही, तरी त्या नाकाला अख्ख्या आळीत मान होता. सासूबाईंचं नाव सोजरबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणायची.

वेताळ पेठेतली आमची आळी म्हणजे शिलेदार, बारगीर आणि तोफखान्यातले गोलंदाज यांची वस्ती. दसऱ्याचं सोनं लुटलं की पुरुष श्रीमंतांच्या फौजेबरोबर निघायचे, ते पावसाच्या तोंडावर परत यायचे. मधले सात-आठ महिने आळीत बायकांचं राज्य, आणि बायकांवर सोजरबाईंचं. कुणाकडे कापलेली कोंबडी आली आणि मनात जरा शंका आली, की ती बाई मडकं उचलून थेट आमच्या ओसरीवर यायची. "सोजरबाई, बघता का जरा?" आत्याबाई वाकायच्या, हुंगायच्या आणि एकच शब्द बोलायच्या. "शिजव", नाहीतर "पूर". त्यावर कुणी वाद घालत नसे.

त्यांचे नियमही ठरलेले. कोंबडीची विळी वेगळी, पाट वेगळा. कच्च्याला लागलेला हात राखेनं घासल्याशिवाय मिठाच्या मडक्यात घालायचा नाही. धुतलेलं पाणी हौदाच्या बाजूला न्यायचं नाही, परसातल्या खड्ड्यात ओतायचं. कापली की पहराच्या आत चुलीवर चढली पाहिजे, आणि शिजवून उरली तर तिला दुसरा सूर्य दाखवायचा नाही. "भाकरी शिळी झाली तर नुसती कडक हुती," त्या म्हणायच्या, "कोंबडी शिळी झाली तर वैर धरती."

त्या मडक्यावर वाकल्या की मी समोर तांब्या घेऊन उभी. आधी हातावर पाणी घालायचं, मग राख, मग पुन्हा पाणी. भाद्रपदापासून त्यांनी हे काम माझ्याकडे लावलं होतं. त्याआधी त्यांचं त्या करत. हुंगून झालं की त्या मान वर करून माझ्याकडे बघायच्या आणि मग निवाडा द्यायच्या. 'बघ, शिक काहीतरी' असं ती नजर मला सांगते, असं मी धरून चालले होते. मला तो अपमान वाटे. माझं स्वतःचं नाक काही कमी नव्हतं. चार घरं पलीकडे कुणी लसूण ठेचला तरी मला कळायचं, आणि नाकाला जे कळतं ते माझ्या चेहऱ्यावर लगेच उमटतं. ही खोड अजून गेलेली नाही.

त्या वर्षी फौज निघायच्या आदल्या दिवशी आमच्याकडे आळीतल्या सहा-सात बायका जमल्या होत्या. माझे यजमान स्वारीवर निघणार म्हणून कोंबडी शिजत होती, आणि मी घाईत कोशिंबिरीच्या काकड्या कोंबडीच्या विळीवर चिरल्या. दुसरी विळी बोथट झाली होती. आत्याबाईंनी बघितलं आणि परातभर कोशिंबीर उचलून परसात ओतली. वर सगळ्यांसमोर म्हणाल्या, "आई न्हाई बिचारीला. हिला शिकवायचं तरी कुनी?"

माझी आई मी नऊ वर्षांची असताना गेली. तिचं नाव निघालं ते असं, परातीतल्या काकड्यांसाठी, आणि तेही सहा-सात बायकांपुढे. मी त्या संध्याकाळी कुणाशी बोलले नाही. यजमानांशीसुद्धा नाही. पहाटे ते घोड्यावर बसले आणि आठ महिन्यांसाठी गेले. त्यांच्याशी दोन शब्द गोड बोलायची संध्याकाळ मी फुगून घालवली. त्याचा रागही मी आत्याबाईंच्याच खात्यावर घातला. कुठेतरी घालायला तर हवा होता.

त्यानंतर पाचव्या दिवशी घरात उंदीर मेला. ज्वारीच्या कणगीमागे कुठेतरी. दुसऱ्या दिवसापासून मी नाकाला पदर लावून फिरत होते. तिसऱ्या दिवशी पदरानंही भागेना. आणि आत्याबाई त्याच कणगीला टेकून आरामात तांदूळ निवडत बसलेल्या. गुणगुणत होत्या वर.

मी दारातच थबकले. मग आठवलं. श्रावण सरता सरता त्यांना ताप आला होता, आठ दिवस डोळे उघडले नव्हते. उठल्यापासून आमटीत हिंग दुप्पट पडत होता. एकदा दूध उतू जाऊन करपलं, तेव्हा त्या चुलीपासून दोन हातांवर बसल्या होत्या. म्हणजे बाईचं नाक गेलेलं होतं, आणि तरी रोज मडक्यावर वाकून बाई आळीला निवाडे देत होती!

खरं सांगते, मला वाईट वाटलं नाही. आनंद झाला. उंदीर काढून टाकला, शेणानं जमीन सारवली, आणि मनात म्हटलं, थांबा, कधीतरी उघड्या पडालच. तोवर त्यांचे सगळे निवाडे बरोबर कसे आले, हे काही मला विचारावंसं वाटलं नाही. रागावलेल्या माणसाला हिशेब अर्धाच दिसतो.

संधी तीन दिवसांनी आली. दुपारचं ऊन रणरणत होतं. आश्विनातलं ऊन, त्याला दयामाया नसते. शेजारच्या कमरजहां खाला मडकं घेऊन ओसरीवर आल्या. त्यांचे यजमान मैनुद्दीनचाचा आणि जावई चांद दोघेही तोफखान्याबरोबर गेलेले. घरी त्या आणि त्यांची बाळंतीण लेक नसीमबानू. तिला मुलगी होऊन वीस दिवस झाले होते. सासर खराडीला. मुलगा हवा होता म्हणून की काय, वीस दिवसांत तिकडून कुणी फिरकलं नव्हतं, साधा निरोपही नव्हता. नसीमबानू भिंतीकडे तोंड करून पडून असायची आणि जेवायचं नाव घेत नसे. बाळाला दूध पुरत नव्हतं.

आणि त्या दिवशी खराडीहून कोंबडी आली होती. घरात पुरुष नाही, हलाल कोण करणार, असा विचार करून सासऱ्यांनी स्वतः कापून, पानांत गुंडाळून, मडक्याचं तोंड कापडानं बांधून पाठवली होती. भाजीची गाडी आणणाऱ्या श्याम माळ्यानं ती पोचवली.

"तिच्या सासरचा पहिला घास आहे, सोजरबाई," खाला म्हणाल्या. त्यांचा चेहरा उजळला होता. "मडकं बघितलं आणि पोरगी उठून बसली. म्हणाली, अम्मी, मी खाईन. मला जरा... म्हणजे पानांचा वास असेल. पण म्हटलं तुम्हाला दाखवावं."

"कापली कवा?"

"पहाटे," खाला म्हणाल्या. जरा घाईनंच म्हणाल्या.

मी पाणी घातलं, राख दिली, पुन्हा पाणी घातलं. आत्याबाईंनी पान उलगडलं. आणि तो वास माझ्यापर्यंत आला. गोडसर, आंबूस, घशाशी चिकटणारा. शंकाच नको. ती कोंबडी पहाटेची नव्हती.

आत्याबाईंनी बोटानं मांस दाबून बघितलं, वाकून हुंगलं आणि मान वर करून माझ्याकडे बघितलं.

मी चेहरा दगडासारखा ठेवला. डोळ्यांत पाणी आलं तरी नाक हलू दिलं नाही. म्हटलं, आता बघू. आता ह्या "शिजव" म्हणतील, खाला म्हणतील, अहो बाई, मला तर वास येतोय, आणि मग बघू सोजरबाईंचं नाक कुठं जातं ते. त्या माझ्याकडे नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ बघत होत्या. मी तशीच उभी.

"शिजव," आत्याबाई म्हणाल्या. "मिरी आन् आलं घाल. चांगली उकळू दे."

मी खालांच्या तोंडाकडे बघितलं. त्या काही बोलल्या नाहीत. उलट मोठा सुस्कारा सोडला. "तुम्ही सांगितलंत म्हणजे झालं," म्हणाल्या, आणि मडकं कडेवर घेऊन गेल्यासुद्धा.

खरं तर तिथेच हाक मारायची. दहा पावलांवर होत्या त्या. पण मी जात्यावर जाऊन बसले. मनाशी म्हटलं, धुताना त्यांना कळेलच, काही आंधळ्या नाहीत त्या. पहिली मूठ घातली, दुसरी घातली. म्हटलं, मोठ्या माणसांच्या बोलण्यात सुनेनं पडू नये, हेच तर शिकवलंय ना मला? दोन शेर ज्वारी दळून झाली. तेवढा वेळ मी गप्प बसले, आणि तो वेळ मी आजवर विसरलेले नाही. मग पिठाचा हात नाकाशी गेला आणि पिठाचा वास आलाच नाही, मघाचाच आला. मी तर कोंबडीला हातही लावला नव्हता.

बाळंतपण म्हणजे बाईचा पुनर्जन्म म्हणतात. नसीमबानू वीस दिवसांची होती. अंगात रक्त नाही, पोटात अन्न नाही. आणि मी सासूची फजिती बघायला म्हणून तिच्या वाटीत ते जाऊ दिलं होतं.

मी उठले आणि पळाले. डोक्यावरचा पदर खाली आला, पायात काही नाही. भर दुपारी आळीतून सून अशी पळाली तर लोक आठ दिवस बोलतात. बोलू देत.

खालांच्या घरात आल्यामिऱ्याचा असा घमघमाट सुटला होता की दुसरा कसलाच वास लागत नव्हता. नसीमबानू उशीला टेकून बसली होती. बाळ मांडीवर. हातात वाटी, आणि ती वाटीवर फुंकर घालत होती. मी जाऊन वाटी हिसकावली. रस्सा माझ्या हातावर, तिच्या पांघरुणावर सांडला. बाळ दचकून रडायला लागलं.

"प्यायलीस का?" मी ओरडले. "नसीम, प्यायलीस का?"

"नाही," ती घाबरून म्हणाली. "गरम होतं."

मी तिथेच जमिनीवर बसले.

"मैना, वेड लागलंय का तुला?" खाला चुलीपासून उठून आल्या. इतक्या रागात मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "वीस दिवसांनी पोरीनं वाटी हातात घेतली होती! तिच्या सासरची होती!"

"खराब आहे ती, खाला. सगळी टाकून द्या."

"खराब? तुझ्या सासूनं चांगली म्हणून सांगितली. तू तिच्याहून शहाणी झालीस का?"

काय सांगणार होते मी? आत्याबाईंचं नाक गेलंय म्हणून सांगितलं, तर विधवा बाईचा आळीत जेवढा मान होता तेवढा एका वाक्यात संपला असता. दोन तासांपूर्वी मला नेमकं तेच हवं होतं. आता नुसती मान हलवत राहिले.

"आणि तासभर उकळलीय," खाला म्हणाल्या. "आता काय राहणार त्यात?"

"उकळल्यानं कच्चं शिजतं, कमरबी. नासल्यालं सुधारत न्हाई."

आत्याबाई दारात उभ्या होत्या. मला पळताना बघून मागोमाग आल्या होत्या. धाप लागली होती, आणि डोळे माझ्यावर होते.

"मैना, तुला वास आला?"

"आला."

"कवा?"

खोटं बोलता आलं असतं. इथं आल्यावर आला म्हणता आलं असतं. मी हळूच म्हटलं, "तेव्हाच."

त्यांनी ऐकलं. चेहऱ्यावर काही हललं नाही. मग त्या खालांकडे वळल्या आणि दाराची चौकट धरून सरळ उभ्या राहिल्या.

"कमरबी, माझं नाक गेलंय. तापात गेलं, दोन म्हैनं झालं. फूल न्हाई, शेण न्हाई, कशाचाच वास येत न्हाई मला. हुंगायचं नुसतं सोंग करत हुते. हिच्या चेहऱ्याकडं बघून सांगत हुते मी. पोरीचं नाक लई तिखट. हिनं नाक मुरडलं की पूर म्हनायचं, न्हाई मुरडलं की शिजव. दोन म्हैन्यांत एकदा चुकलं न्हाई."

मला जमीन दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं. तांब्या घेऊन समोर उभं करत होत्या ते शिकवायला नव्हे. माझ्या नाकावर त्या आळीचं जेवण सोपवत होत्या, आणि मी त्याच नाकानं त्यांना फसवलं होतं. खाला आता माझ्याकडे बघत होत्या. पुढचा प्रश्न काय, ते मला दिसत होतं. मग आज का नाही मुरडलंस?

पण आत्याबाईंनी तो प्रश्न येऊच दिला नाही. "तिची काय चूक? मी तिला कधी इचारलंच न्हाई. सुनेला इचारायची लाज वाटली मला. चूक माजी हाय. पोरगी धावली म्हनून तुजी लेक वाचली."

मग खाला चुलीपाशी जाऊन खाली बसल्या आणि पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "काल तिन्हीसांजेची होती. श्यामनं सांगितलं होतं मला. रात्रभर गाडीत भाजीच्या पोत्यांखाली होती, आणि भाजी विकून झाल्यावर मग तो इकडे आला. मी तुम्हाला पहाटेची सांगितली. पोरगी पहिल्यांदा हसली होती, सोजरबाई. टाका म्हणायचं जिवावर आलं."

"मग आपन दोगी बी सारख्याच," आत्याबाई म्हणाल्या. "एकीला नाक न्हाई, एकीला काळीज लई. ऊठ. पेज टाक तांदळाची पोरीला, मीठ-जिरं घालून. आन् खराडीला निरोप धाड, कोंबडी पोचली, फार बरं वाटलं, पुढच्या बारीला जित्ती पाठवा. पेठेतल्या मशिदीत मुल्ला काय नुसता बसायला ठेवलाय का?"

खाला रडता रडता हसल्या.

आत्याबाईंनी आणि मी मिळून खालांच्या परसात हातभर खोल खड्डा खणला. रश्श्याची डेग त्यात रिकामी केली, वर माती, मातीवर दगड. कुत्र्यालाही मिळू नये म्हणून. मग डेग, पळी, वाटी, विळी, पाट, सगळं राखेनं घासलं आणि उकळतं पाणी ओतलं. आत्याबाई हात घासत होत्या आणि मी पाणी घालत होते.

"आत्याबाई," मी म्हटलं, "मी मुद्दाम केलं."

"कळलं मला."

"तुम्ही माझ्या आईला बोललात म्हणून."

त्या घासायच्या थांबल्या. "तुज्या आईला न्हाई बोलले. कीव आली हुती तुजी. पन माजं बोलनं असंच, कीव केली तरी टोचतं." मग आवाज कडक केला. "आन् सासूवर राग आला तर भाकरी करपव. मीठ जास्त टाक. माझ्या ताटात काय तो सूड घे. दुसऱ्याच्या ताटात घ्यायचा न्हाई."

मी रडत होते. त्यांनी ओल्या हातानं माझे डोळे पुसले. त्यातली राख डोळ्यांत गेली आणि मी आणखीच रडले.

"तुला ठाऊक हुतं व्हय नाक गेल्याचं?" त्यांनी विचारलं.

"उंदीर मेला तेव्हा कळलं."

"उंदीर?" त्या म्हणाल्या. "कवा मेला उंदीर?"

मला हसू फुटलं. त्यांना नाही फुटलं. त्या दूर कुठेतरी बघत म्हणाल्या, "दोन म्हैनं कुनाला सांगितलं न्हाई बघ. घर आपलं वाटंना. चुलीपुढं बसलं तरी परक्याच्या घरात बसल्यागत."

आतून नसीमबानूची हाक आली. तिनं पेज संपवली होती, सगळी. पांघरूण बदललं होतं. "सोजरचाची," ती म्हणाली, "माझ्या बाळाला अजून घेतलंच नाहीत तुम्ही." आणि तिनं ते इवलंसं गाठोडं वर केलं.

आत्याबाईंनी हात पुन्हा एकदा कोरड्या फडक्याला पुसले, बाळाला घेतलं आणि मांडी घालून बसल्या. पोरगी टकामका बघत होती. मग कुठलीही बाई करते तेच त्यांनी केलं. वाकून बाळाच्या टाळूला नाक लावलं आणि डोळे मिटून खोल श्वास घेतला.

आणि त्या तशाच राहिल्या. पुन्हा एकदा श्वास घेतला. मान वर केली तेव्हा त्यांचा चेहरा मला बघवेना. सगळ्या आळीसमोर सोंग करताना जो चेहरा एकदाही हलला नव्हता, तो आता थरथरत होता.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी तिथेच होते, त्यांच्या शेजारी.

"मैना," त्या म्हणाल्या, "कसा येतोय गं वास?"

मी त्यांच्या खांद्यावरून वाकले आणि बाळाच्या डोक्याला नाक टेकवलं. "ओव्याच्या धुरीचा येतोय," मी म्हटलं. "थोडा वेखंडाचा. मानेपाशी दूध सांडलंय, तिथं जरासा आंबूस. आणि टाळूवर..." मला शब्द सापडेना, म्हणून मी पुन्हा वाकले आणि नीट हुंगलं. "टाळूवर ऊन लागलेल्या धुतलेल्या लुगड्यासारखा, आत्याबाई. कोमट."

त्यांनी डोळे मिटले. "आनखी सांग," म्हणाल्या, आणि मी सांगत राहिले.